डिडक्टिबल म्हणजे नेमकं कशातून वजा? मेडिक्लेम आणि देणगी, दोन्हीचा हिशोब

जानेवारीतली गोष्ट. मामा बाथरूममध्ये घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, सहाव्या दिवशी डिस्चार्ज. मी आणि मामी बिलिंग काउंटरसमोरच्या खुर्च्यांवर दुपारी बारापासून बसलेलो, मामीच्या मांडीवर ती बटणाची प्लास्टिकची फाईल, त्यात पॉलिसी, आधार कार्डाच्या झेरॉक्स, सगळ्या पावत्या अगदी तारखेप्रमाणे लावलेल्या. बिल झालं होतं २,९७,४०० रुपये. मामी एकदम निवांत होती, कारण तीन लाखाचा मेडिक्लेम आणि त्यावर दहा लाखाचा टॉप-अप, म्हणजे तेरा लाखाचं कव्हर आहे असं ती गेली चार वर्षं धरून चालली होती. पावणेचारला टीपीए डेस्कवरचा, म्हणजे विम्याचे क्लेम बघणाऱ्या काउंटरवरचा मुलगा आला आणि म्हणाला, मंजूर रक्कम ४०,००० आहे, बाकीचे २,५७,४०० भरावे लागतील. मामीला वाटलं त्याने शून्य कमी वाचलं. तिने तो कागद हातात घेऊन दोनदा वाचला, मग माझ्याकडे दिला आणि म्हणाली, "अगं, आपला टॉप-अप आहे ना दहा लाखाचा, तो कुठे गेला?"

टॉप-अप कुठेही गेला नव्हता, तो जसा घेतला होता तसाच वागला. पॉलिसीच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं, डिडक्टिबल रु. ३,००,०००. त्या एका ओळीचा अर्थ घरात कोणालाच नीट माहीत नव्हता, आणि खरं सांगायचं तर तो कोणी समजावून सांगितलाही नव्हता. त्या दिवसापासून मी ठरवलं की हा विषय कागद-पेन घेऊन मुळापासून समजून घ्यायचा, आणि करता करता लक्षात आलं की इन्कम टॅक्समधल्या देणगीच्या वजावटीबद्दलही आपल्याकडे अगदी असाच घोळ आहे. शब्द एकच, पण दोन ठिकाणी दोन उलटी कामं करतो. विम्यात डिडक्टिबल म्हणजे क्लेममधून वजा होणारी रक्कम, ती आपल्या खिशातून जाते. टॅक्समध्ये डिडक्टिबल म्हणजे उत्पन्नातून वजा होणारी रक्कम, तिच्यामुळे आपला टॅक्स थोडा कमी होतो. म्हणून कुठेही "वजा" दिसलं की आधी एकच प्रश्न विचारायचा, कशातून वजा? हा प्रश्न विचारायची सवय लागली की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

आधी विम्याचं बघू. तुमच्याकडे कार असेल तर डिडक्टिबल तुम्ही आधीच भरलेलं आहे, फक्त त्याचं नाव वेगळं ऐकलंय. बंपर ठोकला, गाडी गॅरेजला दिली, क्लेम पास झाला, तरी गॅरेजवाला म्हणतो ना, "मॅडम, फाईल चार्जचे हजार रुपये द्यावे लागतील", तेच ते. १५०० सीसीपर्यंतच्या कारला प्रत्येक क्लेममागे १,००० रुपये आपले, त्याच्या वरच्या इंजिनला २,०००, बाकीचं कंपनीचं. यामागचं कारण साधं आहे, प्रत्येक छोट्या ओरखड्यासाठी क्लेम यायला लागले तर त्या क्लेमच्या कागदपत्रांचाच खर्च नुकसानीपेक्षा जास्त होईल. म्हणून पहिला वाटा तुमचा, त्यापुढचा आमचा, आणि तुमचा पहिला वाटा जितका मोठा तितका प्रीमियम कमी.

हेल्थ इन्शुरन्समध्ये हाच पहिला वाटा मुद्दाम मोठा ठेवून जी पॉलिसी विकतात ती म्हणजे टॉप-अप. तीन लाखाच्या वरचा खर्च असेल तरच आम्ही येऊ, असं कंपनी सांगते. बहुतेक आजारपणं तीन लाखाच्या आत संपतात, त्यामुळे कंपनीवर वेळ क्वचित येते, म्हणून दहा लाखाचं कव्हर इतकं स्वस्त मिळतं. स्वस्त आहे म्हणजे फसवणूक आहे असं अजिबात नाही, उलट मध्यमवर्गीय घरासाठी ही फार उपयोगाची गोष्ट आहे. पण यात दोन प्रकार आहेत आणि नावात फक्त एका शब्दाचा फरक आहे, टॉप-अप आणि सुपर टॉप-अप. मामांचे जवळजवळ अडीच लाख या एका शब्दात गेले.

साध्या टॉप-अपमध्ये डिडक्टिबल प्रत्येक क्लेमला नव्याने मोजतात. सुपर टॉप-अपमध्ये पॉलिसीच्या वर्षभरातले सगळे क्लेम एकत्र करून एकदाच मोजतात. मामांचं काय झालं ते बघा. जूनमध्ये त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती, २,६०,००० रुपये लागले, ते तीन लाखाच्या मूळ पॉलिसीतून पूर्ण मिळाले, त्यामुळे मूळ पॉलिसीत उरले ४०,०००. मग जानेवारीत हे खुब्याचं ऑपरेशन, त्यातला विम्यात बसणारा खर्च २,८०,०००. मूळ पॉलिसीने उरलेले ४०,००० दिले आणि ती संपली. आता टॉप-अप काय म्हणतो? तो म्हणतो, या क्लेमची रक्कम २,८०,०००, माझी रेषा ३,००,०००, रेषा ओलांडलीच नाही, म्हणून शून्य. जूनचे २,६०,००० तो बघतच नाही, ते त्याच्यासाठी वेगळं प्रकरण. याच जागी सुपर टॉप-अप असता तर त्याने दोन्हींची बेरीज केली असती, २,६०,००० अधिक २,८०,०००, म्हणजे ५,४०,०००, त्यातून तीन लाख वजा, उरलेले २,४०,००० त्याने भरले असते. प्रीमियममध्ये फार तर थोडा फरक पडला असता. वर्षात दोनदा ॲडमिट व्हायची वेळ साठीनंतर काही फार दुर्मिळ नाही, कॅन्सर किंवा डायलिसिससारख्या आजारात तर तेच ते छोटे छोटे क्लेम वर्षभर येत राहतात, एकेकटा क्लेम तीन लाखाला कधी पोचतच नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, घ्यायचाच असेल तर सुपर टॉप-अप घ्या, साधा टॉप-अप कोणी कितीही स्वस्तात देऊ दे.

आता तुम्ही म्हणाल बिल तर २,९७,४०० चं होतं, मग हिशोबात २,८०,००० कसे. हा पण एक मुद्दा फार जणांना माहीत नसतो. बिलातली प्रत्येक ओळ विम्यात बसत नाही. ग्लोव्ह्ज, मास्क, डायपर, रजिस्ट्रेशन चार्जेस, सोबतच्या माणसाचं जेवण, असल्या गोष्टींची यादीच आहे, ती नॉन-पेएबल म्हणून आधी बाजूला काढतात. मामांच्या बिलात अशा १७,४०० रुपयांच्या ओळी होत्या. हे पैसे तुमच्या खिशातून तर जातातच, वर डिडक्टिबल भरताना मोजलेही जात नाहीत. म्हणजे "आम्ही तीन लाख दहा हजार खर्च केले, रेषा ओलांडली" असं आपल्याला वाटतं, पण कंपनीच्या वहीत ते दोन लाख नव्वद हजारच असू शकतात. बऱ्याच कंपन्या जास्तीचा प्रीमियम घेऊन या वस्तूंचंही कव्हर देतात, मूळ पॉलिसी घेताना ते विचारून घ्या.

डिडक्टिबलचा एक चुलतभाऊ आहे को-पे, लोक दोघांची सरमिसळ करतात. डिडक्टिबल ही ठरलेली रक्कम असते, एकदा भरली की संपली. को-पे हा टक्का असतो, तो शेवटपर्यंत सोबत चालतो. २० टक्के को-पे म्हणजे एक लाखाच्या क्लेममध्ये वीस हजार तुमचे आणि दहा लाखाच्या क्लेममध्ये दोन लाख तुमचे. ज्येष्ठ नागरिकांच्या पॉलिसीत हा बऱ्याचदा असतोच, आईवडिलांची पॉलिसी घेताना आधी तेच पान उघडा.

आणि रूम रेंट. हे कलम मला सगळ्यात क्रूर वाटतं, कारण ते नावावरून निरुपद्रवी दिसतं. समजा पाच लाखाची पॉलिसी आहे आणि रूमभाड्याची मर्यादा दिवसाला १ टक्का, म्हणजे ५,०००. तुम्ही ८,००० ची रूम घेतली, तीन दिवस राहिलात. आपण काय समजतो, रोजचे वरचे तीन हजार आपण भरू, नऊ हजारात विषय संपला. तसं होत नाही. हॉस्पिटलमध्ये रूम वरच्या वर्गाची घेतली की सर्जनची फी, ओटीचे चार्जेस, नर्सिंग सगळंच वरच्या दराने लागतं, म्हणून कंपनी त्या सगळ्या खर्चाचा पाच अष्टमांशच देते. हा खर्च १,६०,००० असेल तर १,००,००० मिळतात, साठ हजार तिथे गेले आणि रूमचे नऊ हजार वेगळे. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ही कात्री लावता येत नाही असा आयआरडीएआयचा, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा नियम आहे, म्हणून डिस्चार्जच्या वेळी कापलेल्या रकमेचा तपशील मागून घ्या आणि त्यात औषधांची ओळ कापलेली दिसली तर तिथेच विचारा. ॲडमिट होताना धावपळीत "कुठलीही चांगली रूम द्या" असं आपण म्हणून टाकतो, त्या वेळी कोणीतरी एकाने पॉलिसीवरची मर्यादा सांगितली पाहिजे, म्हणून ती घरातल्या दोघातिघांना पाठ असलेली बरी.

डिडक्टिबल किती ठेवायचं याचा माझा हिशोब सोपा आहे. मूळ पॉलिसी जितक्याची तितकंच डिडक्टिबल. मूळ पॉलिसी तीन लाखाची आणि सुपर टॉप-अपचं डिडक्टिबल पाच लाख असेल तर मधले दोन लाख कोणाचे? तुमचे. प्रीमियम थोडा कमी दिसतो म्हणून लोक पाच लाखाचं घेतात आणि हा मधला खड्डा विसरतात. तेवढी रक्कम कधीही मोडता येईल अशा एफडीत बाजूला ठेवलेली असेल तर जरूर घ्या, नाहीतर नको. आणखी एक, सुपर टॉप-अप घ्यायला मूळ पॉलिसी असलीच पाहिजे असं नाही, डिडक्टिबलची रक्कम कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममधून भरली की खिशातून भरली याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणून नोकरीवाल्यांसाठी हे चांगलं आहे, ऑफिसचा पाच लाखाचा ग्रुप इन्शुरन्स आणि वर स्वतःच्या नावाचा सुपर टॉप-अप. फक्त नोकरी सुटली की खालचा मजला जातो आणि वरचा राहतो, तेव्हा ते पाच लाख कुठून येणार हे आधी ठरवा. शिवाय सुपर टॉप-अपलाही आधीच्या आजारांसाठी वेटिंग पिरियड असतो, म्हणजे तोवर त्या आजारांचा क्लेम मिळत नाही, एप्रिल २०२४ पासून तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे, त्यामुळे बीपी-शुगर सुरू झाल्यावर नव्हे, आधीच घ्या आणि फॉर्ममध्ये काही लपवू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी काढून टाकलाय, म्हणजे थांबून राहायला तेही एक कारण उरलेलं नाही.

आता मामीचा पुढचा प्रश्न. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "हे अडीच लाख भरले ते निदान टॅक्समध्ये तरी वजा होतील ना, डिडक्टिबलच म्हणतात ना त्याला?" प्रश्न इतका बरोबर होता की मला उत्तर द्यायला वाईट वाटलं. नाही होत. विम्यातलं डिडक्टिबल म्हणून जे पैसे तुमच्या खिशातून जातात त्यांची टॅक्समध्ये वजावट मिळत नाही. कलम ८०डी खाली वजावट मिळते ती प्रीमियमची. हॉस्पिटलच्या बिलाची वजावट फक्त साठ वर्षांवरच्या अशा व्यक्तीसाठी मिळते जिच्या नावावर हेल्थ इन्शुरन्सच नाही, आणि तीही वर्षाला ५०,००० पर्यंतच. मामांकडे पॉलिसी होती, म्हणून तो दरवाजा बंद.

८०डी चं गणित असं. स्वतः, नवरा किंवा बायको आणि अवलंबून असलेली मुलं यांच्या प्रीमियमला मिळून २५,००० पर्यंत, त्यात कोणी साठ वर्षांचं किंवा पुढचं असेल तर ५०,०००. आईवडिलांच्या प्रीमियमला यापेक्षा वेगळे २५,०००, ते ज्येष्ठ असतील तर ५०,०००, आणि आईवडील तुमच्यावर अवलंबून असायलाच हवेत असं नाही. सासू-सासरे आणि भाऊ-बहीण यात बसत नाहीत, हे बऱ्याच सुनांना आणि जावयांना रिटर्न भरताना कळतं. प्रीमियम रोख भरला तर वजावट नाही, फक्त तपासण्यांचे ५,००० पर्यंत रोख चालतात आणि ते याच मर्यादेच्या आत मोजतात. कंपनी पगाराबाहेरून जो ग्रुप प्रीमियम भरते तो तुमचा नाही, पगारातून कापून घेतात तो तुमचा. दोन-तीन वर्षांचा प्रीमियम एकदम भरला असेल तर तो तितक्या वर्षांत वाटून घ्यायचा. माझं स्वतःचं सांगते, आमच्या तिघांचा प्रीमियम २२,०००, आईबाबांचा ४६,०००, एकूण ६८,००० माझ्या उत्पन्नातून वजा झाले.

इथे थांबून तो प्रश्न परत विचारा. कशातून वजा? उत्पन्नातून. टॅक्समधून नाही. ६८,००० ची वजावट म्हणजे ६८,००० चा टॅक्स वाचला असं नाही, त्या ६८,००० वर जो टॅक्स लागला असता तो वाचला. मी ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये, सेस धरून ३१.२ टक्के, म्हणून माझे २१,२१६ वाचले. २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असते तर १४,१४४, आणि टॅक्सच लागत नसता तर शून्य.

हे शून्य आता खूप घरांत लागू आहे. ८०डी काय किंवा देणगीचं ८०जी काय, दोन्ही वजावटी फक्त जुन्या करप्रणालीत मिळतात. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली हीच आपोआप लागू होते, जुनी हवी असेल तर तुम्ही मुद्दाम निवडायची, आणि ज्यांना धंद्याचं उत्पन्न नाही त्यांना दरवर्षी रिटर्न मुदतीत भरताना ती निवड करता येते. २०२५-२६ मध्ये नव्या प्रणालीत १२ लाखापर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे टॅक्स शून्य आहे, पगारदार आणि पेन्शनवाल्यांना स्टँडर्ड डिडक्शन धरून पावणेतेरा लाखापर्यंत. मामांचं पेन्शन, एफडीचं व्याज सगळं धरून नऊ लाखाच्या आसपास जातं. ते नव्या प्रणालीत आहेत, त्यांचा टॅक्स शून्य, म्हणून त्यांनी कितीही प्रीमियम भरला आणि कितीही देणगी दिली तरी टॅक्समध्ये कमी व्हायला काही नाहीच. त्यांच्यासाठी तेच फायद्याचं आहे. जुनी प्रणाली अजून परवडते ती ज्यांच्याकडे घरभाडं भत्ता, गृहकर्जाचं व्याज, पीएफ असं मोठं काही वजा करायला आहे त्यांना, माझं होमलोन चालू आहे म्हणून मी अजून तिथे आहे. फक्त देणगीच्या पावतीसाठी कोणी जुनी प्रणाली निवडू नका, आधी दोन्हीकडे आकडे टाकून बघा. आणि हो, १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा लागू झालाय आणि त्यात कलमांचे नंबर बदललेत, पण २०२५-२६ च्या उत्पन्नाचा रिटर्न जुन्याच कायद्याने भरायचाय, म्हणून मी जुनेच नंबर वापरतेय.

आता देणगी. मामा दरवर्षी गावच्या शाळेच्या ट्रस्टला दहा हजार देतात, शाळेतच शिकले ना ते, आणि पावतीवर "८०जी खाली करसवलतीस पात्र" असा शिक्का असतो. तो शिक्का वाचून बहुतेकांना वाटतं दहा हजार दिले तर दहा हजार टॅक्स कमी. हिशोब असा होतो, बहुतेक ट्रस्टना दिलेल्या देणगीच्या ५० टक्के रक्कमच वजावटीला धरतात, म्हणजे ५,०००. ती वजा होते उत्पन्नातून. ३० टक्के स्लॅबवाल्याचे वाचतात १,५६०, २० टक्केवाल्याचे १,०४०. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी, पीएम केअर्स, मुख्यमंत्री सहायता निधी, राष्ट्रीय संरक्षण निधी अशा काही ठिकाणी १०० टक्के धरतात, तिथे दहा हजारावर ३० टक्केवाल्याचे ३,१२० वाचतात. म्हणजे कुठल्याही परिस्थितीत दिलेल्या पैशातला मोठा भाग खरोखर दिलेलाच असतो, टॅक्स वाचवून कोणी देणगीत कमावत नाही. मला तर हे बरंच वाटतं.

आणखी एक मर्यादा आहे. साध्या ट्रस्टच्या बाबतीत तुमच्या उत्पन्नाच्या, म्हणजे इतर वजावटी काढून उरलेल्या उत्पन्नाच्या, १० टक्क्यांपर्यंतचीच देणगी हिशोबात घेतात. उरलेलं उत्पन्न सहा लाख असेल तर ६०,००० पर्यंत. एखाद्याने आईच्या स्मरणार्थ एक लाख दिले तर त्यातले ६०,००० धरणार, त्याचे ५० टक्के म्हणजे ३०,००० वजा. उरलेलं पुढच्या वर्षी नेता येत नाही. म्हणून मोठी देणगी द्यायची असेल आणि घाई नसेल तर अर्धी मार्चमध्ये आणि अर्धी एप्रिलमध्ये दिली तर दोन वर्षांत विभागली जाते, यात काहीच गैर नाही.

काय धरत नाहीत हे जास्त महत्त्वाचं. दोन हजारापेक्षा जास्त रोख दिलेली देणगी धरत नाहीत, पूर्ण रक्कम बाद होते. अन्नधान्य, कपडे, पंखे, वह्या दिल्या तर वजावट नाही, वजावट पैशालाच आहे. देवळाच्या दानपेटीत टाकलेल्याची पावती नसते म्हणून तोही विषय नाही. आणि आजकाल व्हॉट्सॲपवर येतं ना, अमुक मुलाच्या ऑपरेशनसाठी मदत करा, खाली क्यूआर कोड, ते पैसे थेट त्या कुटुंबाच्या खात्यात जात असतील तर ८०जी मिळत नाही, कारण कायदा नोंदणी झालेल्या संस्थेला दिलेली देणगी बघतो, माणसाला केलेली मदत नाही. म्हणून करू नका असं मी म्हणणार नाही, जरूर करा, आमच्या सोसायटीत वॉचमनच्या मुलीसाठी आम्ही तसेच पैसे जमवले. फक्त आधी हॉस्पिटलला फोन करून पेशंट खरंच ॲडमिट आहे का विचारा आणि शक्य असेल तर पैसे हॉस्पिटलच्या खात्यावर पेशंटच्या नावाने भरा.

पावतीवरचा शिक्का आता पुरेसा नाही. २०२१-२२ पासून संस्थेने तिला मिळालेल्या देणग्यांची माहिती ३१ मेपर्यंत आयकर खात्याला कळवायची असते आणि तुम्हाला फॉर्म १०बीई नावाचं सर्टिफिकेट द्यायचं असतं. त्यावरचा नंबर आणि संस्थेचा पॅन रिटर्नमध्ये टाकावा लागतो. म्हणून देणगी देताना तुमचा पॅन द्या, आणि जूनमध्ये सर्टिफिकेट आलं नाही तर संस्थेला आठवण करा, छोट्या गावातल्या ट्रस्टचे सेक्रेटरी बहुतेक निवृत्त शिक्षक असतात, त्यांना ही ऑनलाइन कामं जड जातात, एखाद्या संध्याकाळी लॅपटॉप घेऊन त्यांच्याजवळ बसलात तर ती पण देणगीच आहे.

आणि कोणी म्हणालं की चेकने एक लाख द्या, पावती घ्या, नव्वद-पंच्याण्णव हजार रोख परत देतो, तर तिथून उठून या. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने देशभर अशा खोट्या वजावटींची तपासणी केली होती. खोटी माहिती देऊन उत्पन्न कमी दाखवलं तर बुडवलेल्या टॅक्सच्या २०० टक्के दंड लागतो, वर टॅक्स आणि व्याज वेगळं. रिफंड काढून देतो म्हणणारा माणूस टक्का घेऊन जातो, नोटीस तुमच्या पॅनवर येते.

देणगी आणि हॉस्पिटल यांचं आपल्या महाराष्ट्रात आणखी एक नातं आहे जे लोकांना माहीतच नसतं, आणि ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. पुण्या-मुंबईतली बरीच मोठी हॉस्पिटलं सार्वजनिक ट्रस्ट म्हणून नोंदलेली आहेत. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने घालून दिलेल्या योजनेप्रमाणे या धर्मादाय हॉस्पिटलांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या असतात, आणि त्यासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकायची असते. वर्षाला १,८०,००० पर्यंत उत्पन्न असेल तर निर्धन, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल घटक. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड घेऊन हॉस्पिटलच्या समाजसेवकांना भेटायचं, दाद मिळाली नाही तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात जायचं. घरी कामाला येणाऱ्या मावशी, सोसायटीचे वॉचमन, ज्यांच्याकडे मेडिक्लेमच नाही त्यांच्यासाठी डिडक्टिबलचा हिशोब काय कामाचा, त्यांना हे सांगा. मामा ॲडमिट होते तेव्हा शेजारच्या कॉटवरच्या रिक्षावाल्या दादांची बायको दागिने मोडायला निघाली होती, आमच्या मामीने तिला समाजसेवकांच्या केबिनपर्यंत नेलं, दोन दिवस कागदपत्रांत गेले पण बिलात सवलत मिळाली.

ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांच्यासाठी थोडं. तिकडे डिडक्टिबल फक्त टॉप-अपला नसतं, मूळ इन्शुरन्सलाच असतं, दरवर्षी नव्याने, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीचे हजार-दोन हजार डॉलर आधी स्वतःचे भरा मग कंपनी यायला लागते, फक्त वार्षिक तपासणी आणि लसी यांना सहसा ते लागत नाही. तुम्ही तिकडे जाताना जो व्हिजिटर इन्शुरन्स घेता त्यालाही डिडक्टिबल असतं, ते डॉलरमध्ये आहे हे लक्षात ठेवून निवडा. आणि तिकडच्या मुलाने गावच्या शाळेला थेट पैसे पाठवले तर त्याला तिकडच्या टॅक्समध्ये वजावट मिळत नाही, त्यासाठी तिकडची मान्यताप्राप्त संस्था मध्ये लागते. तो तिकडचा नागरिक झाला असेल तर इकडच्या ट्रस्टकडेही परदेशी देणगी घ्यायची एफसीआरए नोंदणी असावी लागते, ती नसताना घेतलेले पैसे शाळेलाच अडचणीत आणतात.

मामांची पॉलिसी एप्रिलमध्ये रिन्यू झाली. टॉप-अपच्या जागी सुपर टॉप-अप घ्यायचं ठरलं तेव्हा मी आधी एक गोष्ट तपासली, जुनी पॉलिसी सोडून नवीन घेतली तर वेटिंग पिरियड परत पहिल्यापासून सुरू होऊ शकतो, आणि अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला ते परवडणारं नाही. म्हणून पोर्ट करायचा, म्हणजे आधीची वर्षं धरून पॉलिसी बदलायचा अर्ज रिन्युअलच्या पंचेचाळीस दिवस आधी दिला, आधीची चार वर्षं धरली जातील असं लिहून घेतलं, अँजिओप्लास्टीचे सगळे कागद स्वतःहून जोडले. प्रीमियम वाढला, पण मिळाली. मामीने नवीन पॉलिसीचं पहिलं पान फाईलमध्ये सगळ्यात वर लावलंय, आणि डिडक्टिबलच्या ओळीपुढे निळ्या पेनाने लिहिलंय, "वर्षभराचं मिळून एकदाच, ३ लाख". शाळेचे दहा हजार मामांनी यंदाही पाठवले, टॅक्समध्ये एक रुपयाही वाचणार नाही हे सांगून झाल्यावर.